सहाजणींचं बिटकॉइन, एकटीचं पॅनकार्ड

माझ्या आत्याला बसून करायचं काम हवं होतं. बस्स, एवढंच. हे आधीच सांगून टाकते, कारण बिटकॉइन म्हटलं की लोकांना वाटतं बाई हावरट असणार.

सीमा आत्या, वय सेहेचाळीस, रांजणगावच्या एका कंपनीत पॅकिंग लाईनला. चौदा वर्षं झाली, अजून कंत्राटीच. आठ तास उभं राहून खोके बंद करायचे, टेप मारायची, पुढं ढकलायचे. लाईनवर स्टूल चालत नाही, बसलं की स्पीड पडतो म्हणे. गुडघे गेलेत तिचे. मी कारेगावात तिच्याच खोलीवर राहते, शिरूरला कॉलेज करते, बी.कॉम. दुसरं वर्ष. पहिली शिफ्ट करून ती साडेतीनला आली की आत येतच नाही, पायरीवर बसते. "प्रगे, जरा चप्पल वढ गं." रोज. वाकायचं पण तिच्या जिवावर येतं.

तिचं सगळं ठरलेलं होतं. पाटसला आमच्या घरापुढं पिठाची गिरणी टाकायची, जागा माझे वडील देणार होते. दळण घालायचं आणि स्टुलावर बसायचं. दौंडच्या दुकानात गिरणी बघून ठेवलेली, मोटरीसकट एक लाख दहा हजार, त्यातलं अकरा हजार टोकन दिलेलं. तिच्याकडं सत्तेचाळीस हजार साठलेले. बाकीचे बिटकॉइनमधून येणार होते.

आता बिटकॉइन कुठून आलं? भिशीतून. आमच्या खोल्यांच्या लाईनीत सहा बायकांची भिशी आहे, चालवते आत्या. दोन नियम आहेत, दोन्ही तिनंच घातलेले. भिशीचा पैसा चालवणारीच्या घरी मुक्कामाला ठेवायचा नाही, आला त्याच दिवशी वाटायचा. आणि कुणाचा हप्ता कमी पडला तर चालवणारीनं भरायचा. म्हणून तर चौदा वर्षांत एक भिशी बुडली नाही. शेजारच्या लाईनीतल्या तीन बुडाल्या.

२०२० ला लॉकडाऊनमध्ये कंपनी बंद, सगळ्या खोल्यांवर बसून. माझा भाऊ रोहन तेव्हा आत्याकडंच अडकलेला, दिवसभर मोबाईल. त्यानं सांगितलं बिटकॉइन घ्या. सहाजणींनी पाच-पाच हजार काढले, तीस हजार झाले. अॅपला पॅनकार्ड लागत होतं. पाचजणींत कुणाचं पॅन नव्हतं, कुणाच्या नावात घोळ. आत्याचंच तेवढं नीट होतं. मग आत्याच्या नावावर. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. भिशी पण तिच्याच वहीत असते की!

मग साडेपाच वर्षं ते तिच्या मोबाईलमध्ये पडून होतं. कधी वर, कधी खाली. पार्वतीबाई, म्हणजे आमच्या कोपऱ्यातल्या खोलीतली सगळ्यात वयस्कर बाई, कंपनीच्या कँटीनला आहे, ती रोज विचारायची, "सीमे, आपलं कॉइन कसं हाय?" जसं काय म्हशीची तब्येत विचारतीय.

या जानेवारीत संक्रांतीच्या आधी ठरलं, विकायचं. मीच बसले मोबाईल घेऊन. पण अॅप म्हणतं केवायसी परत करा. सेल्फी काढा. आत्या शिफ्ट करून आलेली, डोळे उघडेनात. अॅप म्हणतं डोळे उघडे ठेवा. परत काढला. परत तेच.

"आत्या, जरा मोठे कर ना डोळे!"

"आगं हे हायेतच एवढे. त्याला म्हणावं सकाळी पाचला उठ, मग बघू तुझं डोळं."

आठ दिवस गेले त्यात, तेवढ्यात भाव उतरला, परत थोडा चढला. शेवटी विकलं. तीन लाख वीस हजार! सगळ्या आमच्या खोलीत कोंबलेल्या. शितलनं, पलीकडच्या खोलीतली, वेल्डरची बायको, तिनं तर आत्याचा मुकाच घेतला. स्क्रीनवर आलं: अॅपची फी आणि त्यावरचा जीएसटी मिळून अठराशे अठ्ठ्याऐंशी, आणि एक टक्का टीडीएस, बत्तीसशे. बँकेत आले तीन लाख चौदा हजार नऊशे बारा.

आत्यानं मला विचारलं होतं. स्पष्ट विचारलं होतं. "प्रगे, टॅक्स-बिक्स काय असंल तर आत्ताच सांग, वाटल्यावर मागं फिरता येत न्हाई."

मी म्हटलं, "कापला की आत्या, हा बघ टीडीएस, टॅक्सच असतो तो."

हे मी म्हटलं होतं. मी.

त्याच दिवशी बँकेतून पैसे काढून आत्यानं वाटले. प्रत्येकीला साडेबावन्न हजार, राऊंड फिगर. स्वतःला उरले बावन्न हजार चारशे बारा. इतरांपेक्षा अठ्ठ्याऐंशी रुपये कमी, आणि वर तिळगूळ तिचाच.

फेब्रुवारीच्या शेवटी कॉलेजात ईश्वर सर इन्कम टॅक्स शिकवत होते. त्यांचं शिरूरला एसटी स्टँडजवळ ऑफिस आहे, लोकांची रिटर्न भरतात. बोलता बोलता म्हणाले, क्रिप्टोच्या नफ्यावर सरळ तीस टक्के, वर चार टक्के सेस, कमाई कितीही कमी असू दे, सूट नाही. तास संपल्यावर पळत त्यांच्या मागं गेले, मोबाईल दाखवला. सरांनी चष्मा वर केला, कागदावर मांडलं. तीन लाख वीस हजारातून खरेदीचे तीस वजा, नफा दोन लाख नव्वद.

"सर, ती विकतानाची फी वजा करा की."

"होत नाही. फक्त खरेदीची किंमत."

टॅक्स नव्वद हजार चारशे ऐंशी. कापलेले बत्तीसशे त्यात धरायचे. राहिले सत्त्याऐंशी हजार दोनशे ऐंशी. पंधरा मार्चच्या आत भरायचे, नाहीतर व्याज चालू.

"पण सर, ते सहाजणींचं आहे."

"कागद कुठाय तसा? पॅन आत्याचं, अॅप आत्याचं, बँक आत्याची. सरकारला एकच बाई दिसते."

मी एसटीत रडत आले. आत्या पायरीवर बसलेली. सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बघत राहिली समोरच्या टँकरकडं, पाणी आलं होतं, बायका हंडे लावत होत्या. मग म्हणाली, "गिरणीचं पैसं किती हायेत गं आपल्याकडं?"

"नव्याण्णव हजार चारशे बारा."

"मग हायेत की भरायला."

"आत्या, त्या पाचजणींकडं माग ना! प्रत्येकीचे साडेचौदा हजार होतात."

"वाटलेलं मागायचं? भिशीत कमी पडलं तर मी भरायचं, माझाच नियम हाय. चौदा वर्सं बायका डोळं झाकून पैसं देत्यात ते कशावर? चल, चप्पल वढ."

दुसऱ्या दिवशी ती शिफ्टला गेली. लाईनवर मोबाईल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. आणि मी, मला काही सुचेना, मी भिशीच्या ग्रुपवर सगळा हिशोब टाकला. सरांच्या कागदाचा फोटो पण. खाली लिहिलं, तुम्ही मजेत आहात आणि माझ्या आत्याची गिरणी चालली, जरा तरी लाज वाटू द्या. पाठवलं आणि मग वाचलं. डिलीट करायला गेले तर चौघींनी वाचलेलं दिसलं.

साडेतीनला आत्या आली तेव्हा पायरीवर जागाच नव्हती तिला बसायला. पार्वतीबाई, शितल, अजून दोघी. भिशीतली सहावी, नकुशी, तेवढी नव्हती, ती महिन्यापूर्वीच नवऱ्याचं काम सुटलं म्हणून गावाकडं गेलेली.

"या मालकीणबाई," पार्वतीबाई म्हणाली. "आमची लाज काढायला पोरगी ठिवलीय व्हय? तुझ्या तोंडाला काय झालं हुतं?"

आत्याला काहीच माहीत नव्हतं. शितलनं तिच्यासमोर मोबाईल धरला. आत्यानं वाचलं. माझ्याकडं बघितलं पण नाही.

"चूक झाली पोरीची," ती म्हणाली. "जावा तुम्ही. भिशी माझी, मी भरती."

"मी तर कानातलं केलं," शितल रडायला लागली. "मोडू का आता? सीमाताई, आधी सांगायचं ना!"

"कुणी काय मोडू नका."

"गप गं दोघी," पार्वतीबाई म्हणाली. "सीमे, तुझा नियम कुणासाठी हाय? हप्ता बुडवणारीसाठी. हितं कुणी बुडवलंय? सरकारनं न्हेलं. न्हेलं तर सहाजणींचं न्हेलं. नफा घेताना सहाजणी आन् टॅक्सला तू एकटी, आसं कुटं आसतंय?"

"वाटलेलं मी परत घेत न्हाई, आत्या," असं आमची आत्या म्हणाली. पार्वतीबाईला ती पण आत्याच म्हणते.

"परत कोण देतंय? हायेत कुठं? माझं तर लेकीच्या बाळंतपणात गेलं. म्हयन्याला देऊ. साडेचौदाशे, धा म्हयनं. भिशीसारखंच. वही आण."

आत्या हललीच नाही. मीच आत जाऊन वही आणली. पार्वतीबाईनं माझ्या हातातून घेतली, कोरं पान काढून परत माझ्यापुढं धरली आणि म्हणाली, "लई शिकलीस ना? लिही. आन् पुन्यांदा लाज-बिज लिवलीस तर बघ."

मी चार नावं लिहिली. शितलनं विचारलं, नकुशीचं? तिचा फोन बंदच लागतो. आत्या म्हणाली, "तिचं मी धरती." पार्वतीबाईनं वही मिटली.

दोन दिवस आत्या माझ्याशी बोलली नाही. चप्पल पण स्वतःच काढली, भिंतीला धरून. ते बघवत नव्हतं.

बारा मार्चला टॅक्स भरला. मीच भरला, मोबाईलवरून, चार वेळा आकडा तपासून. खात्यात राहिले बारा हजार एकशे बत्तीस. पावती डाऊनलोड केली, आत्याला दाखवली. ती म्हणाली, "ह्याच्यावर सहाजणींची नावं येत न्हाईत का?" मी म्हटलं नाही. "बरं," म्हणाली.

मग सुट्टीच्या दिवशी आम्ही दौंडला गेलो, टोकनचं सांगायला. दुकानदार हौसराव म्हणून आहेत, भला माणूस. आत्यानं सांगितलं, जानेवारीपर्यंत थांबा.

"थांबतो की बाई. पण भाव तवाचा लागंल."

"किती वाढंल?"

"ते मी आज कसं सांगू?"

आत्यानं मान हलवली. दहा महिने. चौघींचे मिळून महिन्याला अठ्ठावन्नशे, वर तिच्या पगारातून काय मागं पडेल ते. म्हणजे अजून दहा महिने लाईनवर, पहिली शिफ्ट, दुसरी शिफ्ट, उभं. ती गिरणीजवळ गेली, तोंडावरच्या पत्र्यावर बोट फिरवलं, नवी कोरी होती, पिठाचा कणसुद्धा नाही. मला म्हणाली, "त्या बायकांना कसला धाक घालू नकोस हप्त्याला. देतील." माझ्याशी एवढं सलग ती बऱ्याच दिवसांनी बोलली. माझे डोळे भरले, मी दुसरीकडं बघितलं.

हौसरावांनी काउंटरमागचं स्टूल ओढून पुढं केलं. "बसा की बाई. लांबून आलाय, च्या सांगतो."

आत्यानं स्टुलाकडं बघितलं. गुडघ्यावर हात ठेवून उभीच राहिली.

"नको दादा," ती म्हणाली. "बसलं तर उठू वाटायचं न्हाई. उद्या पहिली शिफ्ट हाय."