झेंडूचा तोडा आणि न आलेलं ऊन

"आत्या, दोन दिवस तू आणि तुझी गाडी हवी आहे," असा भाचीचा, मुक्ताचा फोन आला तेव्हा दसरा तोंडावर होता. शेवटच्या वर्षासाठी तिला छोटी फिल्म करायची होती. शिकायला शहरात निघालेली मुलगी, तिची आई आणि फुललेल्या झेंडूच्या शेतातला शेवटचा दिवस, एवढीच गोष्ट. कॅमेरा कॉलेजने दोनच दिवसांसाठी दिला होता. फिल्म वेळेत जमा झाली नाही, तर वर्ष वाया जाणार होतं. मी हो म्हटलं.

पुण्याहून पहाटे निघालं की सिन्नरला न्याहारीची वेळ होते. तिथली मिसळ तिखट असते, सोबत दही मागून घ्या. पुढे आम्ही एक चूक केली. ऊन चेहऱ्यांवर परतवायला पांढरा सनबोर्ड लागतो, तो घ्यायला नाशिकच्या द्वारका चौकापर्यंत गेलो आणि सकाळचं कोवळं ऊन तिथल्या कोंडीत घालवलं. असलं सामान घरूनच न्यावं.

शेत एकलहऱ्याच्या अलीकडे. पिवळ्या-केशरी सऱ्यांच्या टोकाला वीजकेंद्राच्या चिमण्या. शेताच्या मालकीण कमलमावशी. आईची भूमिकाही त्याच करणार होत्या. मुलगी झाली होती मुक्ताची वर्गमैत्रीण वैदेही. दुपारपर्यंत लख्ख उन्हात दोघींचं बांधावरून चालणं टिपून झालं. मावशींच्या हातची पिठलं-भाकरी खाऊन चेहरे जवळून घ्यायला उठलो, तर ढग आले.

मी सनबोर्ड धरून उभी, पण परतवायला ऊनच नाही. कॅमेऱ्यावरच्या ओंकारने दिवे लावले. त्यात चेहरे दवाखान्यात बसल्यासारखे दिसू लागले आणि दिव्यांच्या बॅटऱ्याही संपल्या.

"राहू दे. उद्या ऊन येईल," मुक्ता म्हणाली.

"उद्या पहाटं तोडा हाय," मावशी म्हणाल्या.

तोडा म्हणजे फुलांची तोडणी. ती कधी आहे, हे आमच्यापैकी कोणी विचारलंच नव्हतं.

"मावशी, एक दिवस थांबता येणार नाही?"

"दसरा थांबतोय व्हय? आन् पानी आलं तर? भिजलेला झेंडू कोन घेतंय, बाई?"

"पण ऊन हवं होतं हो आम्हाला."

"मलाबी पायजे व्हतं," मावशी कॅमेऱ्याकडे बघून हसल्या. "तुमचा माल पेटीत टिकतो. माझा नाय टिकत."

नाशिकरोडच्या लॉजवर मुक्ता धड जेवली नाही. खोली स्वच्छ होती, खिडकीतून आभाळ दिसत होतं, आणि तेच तिला नको होतं.

सकाळी पोचलो तर आभाळ गच्च. अर्ध्या सऱ्या हिरव्या झालेल्या, तोडणाऱ्या बायका पुढे सरकत होत्या. मुक्ताने बांधावरची एक रिकामी टोपली उचलली. मग म्हणाली, "वैदेही, टोपली घे. मावशींबरोबर तोडायला लाग."

"आणि संवाद?"

"तेच. तोडता तोडता बोल."

ओंकार म्हणाला, "काल ऊन, आज ढग. जोडणार कसं?"

"जोडायचंच नाही. कालचा दिवस काल, आजचा आज."

तरी चेहरे काळवंडलेलेच येत होते. बांधावर पांढऱ्या चादरीवर फुलांचा ढीग वाढत होता. टोपली रिकामी करायला मावशी वाकल्या आणि ओंकार ओरडला, "मावशी, हलू नका!" ढिगाचा केशरी उजेड त्यांच्या हनुवटीवर, गालांवर चढला होता.

"हलू नको म्हनं! तोडा काय तुझा बाप करील?" मावशींचे हात चालूच.

त्या थांबणार नव्हत्या, मग आम्हीच चादर सऱ्यांलगत ओढत नेली. मी ढिगाशेजारी सनबोर्ड धरला. वैदेहीने वाक्य म्हटलं, "आई, मी जाऊ ना?"

कागदावरचं उत्तर होतं, "जा, पण लवकर ये." मावशींनी मान वर न करता म्हटलं, "आधी ही सरी संपव."

मुक्ताने 'कट' म्हटलं नाही. वैदेही तोडत राहिली. सरीच्या टोकाला दोघी एकदम ताठ झाल्या, कंबरेवर हात ठेवून. तिथे शॉट संपला. टेम्पो ताडपत्री टाकून निघाला, तेव्हा बारीक थेंब सुरू झाले होते.

शेतात चित्रीकरण करणार असाल तर हवामानाआधी तोड्याचा दिवस विचारा, एवढंच सांगते.

फिल्म जमा करायच्या आदल्या दिवशी मुक्ताने मला ती दाखवली. ज्या उन्हासाठी आम्ही एवढं आभाळ बघितलं, त्या उन्हातलं बांधावरचं चालणं तिने सुरुवातीला अगदी थोडं ठेवलंय. बाकी सगळा ढगातला तोडा. बघताना मला ऊन आठवलंसुद्धा नाही. तिला मात्र आठवत होतं. त्या थोड्याशा उन्हाशी येऊन तिने फिल्म दोनदा थांबवली.

तेवढ्यात मावशींचा फोन आला. "काय गं, माल गेला का बाजारात?"

"उद्या जातोय, मावशी."

"भिजला नाय ना?"

मुक्ता पडद्याकडे बघत म्हणाली, "जरासा भिजलाय. पण जाईल."