पापण्या उलटणारे मामा

आमच्या मामांना अख्खा माणूस कधी दिसलाच नाही, असं मी म्हटलं तर ते फारसं खोटं ठरू नये. त्यांना फक्त वरची पापणी दिसायची. डोळ्यांच्या खुपऱ्या गावोगाव किती उरल्या, हे तपासणाऱ्या सरकारी पथकात ते होते. लेकराची पापणी अंगठ्यानं उलटायची, आत दाणे आहेत का बघायचे आणि पुढच्या घरी जायचं. हे काम त्यांच्या बोटांत इतकं भिनलं होतं, की एसटीत शेजारच्या बाईच्या मांडीवरचं पोरगंसुद्धा त्यातून सुटत नसे. माझ्या भावासाठी कनेरगाव नाक्याला मुलगी बघायला गेलो होतो. पोहे झाले आणि सगळ्यांनी वडीलधारे म्हणून मामांकडे पाहिलं. "दोन्ही डोळे साफ," मामा गंभीरपणे म्हणाले. लग्न ठरलं.

मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच. सुटीत मामांबरोबर हिंडायचो. रोग जसजसा कमी होत गेला तसतसा मामांचा वैताग का वाढला, हे मला तेव्हा कळलं. पथकाला लेकरांचे चेहरे स्वच्छ असतात का, हेही बघायचं असे. त्यामुळे पथकाची खबर लागली की गाव लेकरांना धुऊन काढी. हट्ट्याजवळच्या एका गावात तर सरपंचांनी भोंग्यावरून पुकारलं होतं. लेकरं ओळीनं उभी, चेहरे चकचकीत आणि साबण जाऊन सगळ्यांचे डोळे लालभडक. मामा पारावर बसूनच राहिले.

"सरपंच, हे काय करून ठेवलं तुमी?"

"काहून? साफ पायजे होते ना?"

"रोज असतेत तसे पायजे होते. आता मी खुपऱ्या मोजू का साबण?"

"साबण मोजा की. चांगल्यातला आणलाय."

त्याच गावात माझी मोठी मावशी राहते. आजी लवकर गेल्यामुळे मामांना तिनंच वाढवलं. पथकानं तपासणीसाठी चिठ्ठ्या टाकून घरं निवडली, त्यात नेमकं तिचंही घर निघालं. जुन्या खुपऱ्यांमुळे मोठ्या माणसांच्या पापणीचे केस आत वळतात आणि बुबुळाला घासून घासून नजर नेतात. पथकातल्या डॉक्टरांनी बॅटरी मारून मावशीला बघितलं आणि "केस नाहीत" म्हणाले. गावात असा एकही रुग्ण सापडला नव्हता. गाव रोगमुक्त ठरायला आलं होतं. पण मामा जवळ सरकले. जिल्हाभर पापण्या उलटणारा हा माणूस बहिणीसमोर मात्र कायम मान खाली घालून बोलायचा. त्या दिवशी त्यांनी तिच्या डोळ्यांत पहिल्यांदा नीट बघितलं.

"अक्का, केस उपटले का?"

"सकाळीच. शेजारणीनं चिमट्यानं काढून दिले. तू साहेबांना घेऊन येऊन राहिला, म्हटलं जरा बरं दिसावं."

"कधीपासून उपटून राहिली?"

"लई वर्सं झाली. गप बस, लोक बघून राहिलेत."

"साहेब, हिला मोजणीत धरा," मामा म्हणाले. "उपटलेले पुन्हा येतेत. ऑपरेशन लागंल."

"माझ्यापाई गावाचं नाव खराब करतो व्हय रे?"

"व्हय," मामा म्हणाले.

ऑपरेशन हिंगोलीला झालं. उजवा डोळा वाचला. डाव्यात आधीच फूल पडून नजर गेली होती, ती काही परत आली नाही. मामा आता मावशीकडे गेले की घरात कुठंही जागा रिकामी असो, ते तिच्या उजव्या हाताला जाऊन बसतात.