मारत्याच्या पिच्चरमध्ये कुणी मरत न्हाई

मी कोरियाला निघालो त्या दिवशी आमच्या दारात पांढरी गाडी उभी होती आणि माझे वडील, आबा, तिच्यात बसायला तयार नव्हते. गाडी भाऊंची. भाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढारी. कुठल्या पक्षाचे ते विचारू नका, दर निवडणुकीला ते बदलतं. त्यांची गाडी चालवायचा माझा दोस्त मारोती, आमचा मारत्या. मला हैदराबादच्या विमानतळावर सोडायला त्यानंच ती मागून आणली होती. पुढाऱ्याच्या गाडीत पाय ठेवणार नाही म्हणून आबा ओसरीवर पाठ फिरवून बसले. शेवटी माय वैतागली. म्हणाली, "गाडी कुणाची का असंना, लेकरू येळंवर पोचलं पाह्यजे. बसा मुकाट." आबा बसले, पण हैदराबाद येईपर्यंत त्यांनी खिडकीबाहेरचं तोंड आत वळवलं नाही.

मायनं माझ्या बॅगेत हळद कोंबली होती आणि आमटीत घालायच्या येसराची पुडी. रसायनशास्त्रात पीएचडी केलेल्या पोराला ती बजावत होती, तिकडची हळद खाऊ नको, पोट बिघडंल. मारत्याला विमानतळाच्या आत सोडेनात. दारापाशी त्यानं माझा खांदा दाबला आणि म्हणाला, "तिकडचे पिच्चर बघ अन् मला सांग. आता तुझी पाळी." एवढंच. मी आत गेलो, आणि सिक्युरिटीच्या रांगेत उभा राहून एखाद्या येड्यासारखा रडलो.

पाळीचं सांगतो. आम्ही शाळेत होतो तेव्हा तालुक्याला, वसमतच्या टॉकीजला जायची परवानगी फक्त मारत्याला असायची, कारण त्याच्या घरी विचारणारं कुणी नव्हतं. तो सायकलवर जाऊन पिच्चर बघून यायचा आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला सांगायचा. जागा ठरलेली होती, गयाकाकूचं वढ्याकाठचं शेत. गयाकाकू आमच्या शेजारची, एकटी बाई, नवरा लवकर गेला. तिच्या शेतात हळद शिजायची. मोठ्या कढईवर ओलं पोतं झाकलेलं, खाली कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ, सगळीकडं हळदीची वाफ. आम्ही जाळ सारत बसायचो आणि मारत्या उभा राहून मारामारीच्या आवाजासकट पिच्चर सांगायचा. काकू भाकर-ठेचा द्यायची आणि स्वतःही ऐकायची. मध्येच म्हणायची, "त्या शेटला मार की आता, काहून थांबून राहिला?"

पुढं युनिव्हर्सिटीच्या होस्टेलवर त्यातलाच एक पिच्चर मी टीव्हीवर पाहिला. बघतो तर काय, शेवटी हिरोचा दोस्त मरतो. मारत्याच्या सांगण्यात तो लग्न करून गावाकडं गेला होता. दुसरा पाहिला, त्यातही तेच. सुट्टीत आलो तसा त्याला धरला. "काहून खोटं सांगत होतास?" तो हसला. म्हणाला, "तू रडला असता, मंग जाळ कुणी सारला असता?"

हाच तो मारत्या. माझी एमएस्सीची शेवटची परीक्षा आणि आबांचा पाय मोडलेला, अशा ऐन पेरणीत त्यानं आमचं सोयाबीन पेरलं. मी परत येतो म्हणालो तर फोनवर शिव्या घातल्या. "तू पेपर दे. पेरणीला पदवी लागत न्हाई." मी आज इथं पोस्टडॉक म्हणून काचेच्या लॅबमध्ये पांढरा कोट घालून उभा आहे, त्याच्या खाली मारत्याची ती पेरणी आहे. मी हे विसरत नाही, आणि विसरायचं ठरवलं तरी माय विसरू देणार नाही.

इथलं बरं चाललंय. तुमच्यापैकी जे पुण्याला, आखातात, आणखी कुठं कुठं गेलात त्यांना माहीतच आहे, बरं चाललंय म्हणजे काय ते. खोली लहान, खालून गरम होणारी फरशी, हिवाळ्यात तोंड बधिर करणारं वारं. पहिल्या वर्षी किमचीचा वास आला की मी खिडकी उघडायचो. आता फ्रिजमध्ये तिचा डबा मायच्या लोणच्याशेजारी असतो. लॅबमधला जुनहो माझ्याहून मोठा, म्हणून मी त्याला "ह्योंग" म्हणतो, म्हणजे दादा. त्यानं मला बँक दाखवली, दवाखाना दाखवला, बर्फावर पाय कसा टाकायचा तेही दाखवलं. परक्या मुलखात असा एक माणूस भेटला की माणूस तगतो.

एका रविवारी दुपारी जुनहोनं घरी जेवायला बोलावलं आणि एक पिच्चर लावला. गुंडांचा. खाली इंग्रजी अक्षरं. एका झोपडपट्टीत वाढलेले दोन दोस्त. शहराबाहेर नुसती शेतं आणि बागा. तिथं मोठे रस्ते होणार हे राजधानीतल्या पुढाऱ्यांना आधीच ठाऊक. ते गुंड लावून जमिनी घेतात, पण स्वतःच्या नावावर घेत नाहीत. त्या दोघांपैकी एकाच्या नावावर घेतात. तो बिचारा खूश. आयुष्यभर दुसऱ्याच्या वळचणीला झोपलेला, आता कागदावर मालक.

मी भाताचा घास हातात धरून बसलो होतो. जुनहो म्हणाला, "आमच्या आजोबांची नाशपातीची बाग अशीच गेली." मी विचारलं, गुंडांनी धमकावलं का? तो म्हणाला, "नाही. घ्यायला आलेला पोरगा ओळखीचा होता. लहानपणी बागेत खेळलेला. म्हणून तर आजोबांनी दिली."

माझी पाळी होती, म्हणून मी मारत्याला पिच्चर सांगायला लागलो. तिकडं रविवारी सकाळी तो भाऊंची गाडी धुवायचा. व्हिडिओ कॉल लावून फोन बोनेटवर ठेवायचा आणि मी इकडून हातवारे करत सांगायचो. आवाजही काढायचो, त्याच्याइतके जमत नव्हते. तीन-चार रविवार लावले, त्यानं लावले असते तसे.

मध्येच एका रविवारी त्यानंच मला बातमी दिली. "सोमवारी वसमतला रजिस्ट्री हाय. माझ्या नावावर."

"पैसे कुणाचे?"

"भाऊचे. काही दिवस माझ्या नावावर राहील, मंग बघू."

"अन् शेत कुणाचं?"

तो फडकं पिळत राहिला. मग म्हणाला, "गयाकाकूचं. वढ्याकाठचं."

तिथून रस्ता जाणार होता. कुणाला माहीत नव्हतं. भाऊंना होतं, आणि भाऊंमुळं मारत्याला. मी विचारलं, "तिला सांगितलं का, रस्ता येऊन राहिला म्हणून?" त्यावर तो चिडला. "आमच्या बापाच्या नावावर एक बरड तुकडा सोडून काय होतं, केशा? एकदा तरी सातबाऱ्यावर माझं नाव चांगल्या जमिनीपुढं लागू दे. तुला काय, तू तिकडं जाऊन बसला."

हे मला लागलं. खरं होतं म्हणून लागलं. उपदेश करायला तोंड उघडलं होतं ते मिटलं, कारण मारत्यानं उपदेश कधी कुणाचाच ऐकला नाही, मास्तरांचा नाही आणि माझ्या आबांचाही नाही. तो फक्त पिच्चर ऐकतो. मी म्हणालो, "बरं. शेवट राहिलाय. ऐकतो का?"

"सांग."

"चौकशी लागते. पुढारी म्हणतो, मी या माणसाला ओळखत नाही, जमीन त्याची, गुन्हा त्याचा. कागदावर दुसऱ्या कुणाचं नावच नाही. मग त्याला त्याच शेतात नेऊन मारतात. त्याच मातीत पुरतात. वरून रस्ता होतो."

त्यानं फडकं बादलीत टाकलं. गाडीवरून पाणी ठिबकत होतं तेवढं दिसलं. मग म्हणाला, "शेवट बदल की."

"तुला बदलता येतो, मारत्या. मला न्हाई येत."

त्यानं फोन ठेवला. सोमवार गेला, आठवडा गेला. मी लॅबमध्ये काचेची भांडी फोडत होतो आणि जुनहो मुकाट्यानं काचा गोळा करत होता. मला भीती वाटत होती की सही झाली, शेत गेलं आणि दोस्तही गेला.

शेवटी मायचा फोन आला. मारत्या रजिस्ट्रीला गेलाच नव्हता. आदल्या संध्याकाळी भाऊंच्या अंगणात गाडी लावून चावी देऊन आला, तिथून थेट गयाकाकूकडं गेला आणि म्हणाला, "काकू, रस्ता येऊन राहिला. वावर इकू नको." काकूनं सगळ्या गल्लीला सांगितलं. मग भाऊंच्या माणसांना कुणीच जमीन विकेना. "अन् मारत्या?" मी विचारलं. माय म्हणाली, "हात मोडला रे त्याचा. भाऊच्या पाळलेल्या पोरायनी जवळा बाजार गावात, भर बाजारात धरून मारलं. सगळा बाजार बघत होता. तुला सांगू नको म्हणला होता."

उन्हाळ्यात सुट्टी मिळाली तसा गावाकडं निघालो. वसमतच्या स्टँडवर मारत्या उभा होता, डाव्या हाताचं प्लास्टर नुकतंच निघालेलं, हात अजून बारीक. आता दुसऱ्याची जीप चालवतो, औंढ्याला देवाला येणारे लोक ने-आण करतो. जीपमध्ये माझ्या आधीच आबा बसलेले, पुढच्या सीटवर, खिडकीबाहेर नाही तर समोर बघत. माझ्यासाठीही जागा सोडली नाही त्यांनी. मी मागं बॅगांवर बसलो आणि मला एवढं बरं वाटलं की काय सांगू.

मी विचारलं, "हाताला काय झालं?"

"अरे, मोटारसायकल," तो म्हणाला, आणि सुरू झाला. सोयाबीनचा ट्रक समोरून, म्हैस आडवी, यानं हँडल वळवलं, ब्रेकचा आवाज, म्हशीचा आवाज, सगळं तोंडानं. आबांनी एकदा माझ्याकडं वळून पाहिलं. त्यांना खरं माहीत होतं, मलाही होतं.

इथं मला पुष्कळ जण विचारतात, घराची आठवण येते का. येते, पण मातीची, चुलीची म्हणून नाही. जगात माझी काळजी करणारी माणसं मला दोन्ही मुलखांत मिळाली, हे माझं नशीब, आणि मी त्याचे उपकार मानतो. पण मी रडू नये म्हणून जिथं कुणी अजून शेवट बदलून सांगतं, त्याला मी घर म्हणतो.

या वेळी जीपमध्ये मी मारत्याला काहून खोटं सांगतोस म्हणून धरलं नाही. वढ्याकाठचं शेत आलं. गयाकाकू बांधावर उभी होती, तिनं हात केला. मी म्हणालो, "जीप जरा हळू घे. अन् मंग म्हशीचं काय झालं?"

"म्हैस?" मारत्या म्हणाला. "म्हशीला काय होतंय. घरी गेली ती."