निओपेंटेनचे पाच हिरडे

सर गेल्याचा निरोप बॅचच्या ग्रुपवर आला आणि हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. मी हात जोडले नाहीत. लोणावळ्यात ते आम्हाला अकरावीला केमिस्ट्री शिकवत, म्हणजे गाइड वाचून दाखवत.

एखाद्या कार्बनला दुसरे किती कार्बन जोडलेत, एवढंच मोजायचं असतं. एक असला तर प्रायमरी, दोन सेकंडरी, तीन टर्शरी, चार क्वाटर्नरी. निओपेंटेनच्या पाच कार्बनांपैकी मधल्याला मी क्वाटर्नरी लिहिलं. गाइडात चुकून टर्शरी छापलं होतं. सरांनी लाल फुली मारली.

"सर, चार हायेत की. मोजा ना."

"आंदर मावळातून एसटी पकडायला शिकलीस, आता मला मोजायला शिकवतेस?" वर्ग हसला. स्वतःच्या विनोदावर सर नेहमीच सगळ्यात जास्त हसत.

घरी सांगितलं तेव्हा माझ्या वडिलांनी, आबांनी, पाच वाळके हिरडे घेतले. दाभणानं भोकं पाडून खराट्याच्या काड्या खोचल्या. मध्ये एक, भोवती चार. दाभण बोटात घुसलं तरी थांबले नाहीत. "तोंडानं नगं सांगू. म्होरं ठिव, मास्तर सोता मोजतील."

सरांनी मोजले. चारपर्यंत त्यांचे ओठ हललेले मी पाहिले. मग "खेळणी वर्गात आणायची नाहीत" म्हणून ते काढून घेतलं. फुली तशीच राहिली. इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. संध्याकाळी आबा फाट्यावर थांबले होते. "काय म्हनले मास्तर?" "बरोबर म्हनले, आबा." माझ्या या थापेपायी आबा दर दिवाळीला त्यांना घरचा आंबेमोहोर पाठवत राहिले... आणि तो गृहस्थ निर्लज्जपणे खात राहिला.

परवा आबांनीच सरांच्या घरी भेटायला पाठवलं. शोकेसमध्ये, ट्रॉफ्यांच्या मधोमध, तेच हिरडे! "ह्यांनी स्वतः केलेलं. दर वर्षी वर्गात न्यायचे," सरांच्या पत्नी, काकू, कौतुकानं म्हणाल्या. खाली चिठ्ठीवर सरांचं वळणदार अक्षर: 'मधला कार्बन क्वाटर्नरी.' त्याखाली स्वतःचं नाव. म्हणजे कळलं होतं! फक्त मला सांगायची हिंमत नव्हती. मी काकूंना सगळं खरं सांगितलं. त्यांनी शोकेस उघडून ते चिठ्ठीसकट माझ्या हातात दिलं.

घरी आबांनी लगेच ओळखलं. "इतकी वर्सं जपलं? लय मोठा मानूस." मी दात आवळले. आबांना वाचता येत नाही, म्हणूनच हे इथं लिहिते आहे. चिठ्ठीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हितं काय लिवलंय?"

"मधला कार्बन क्वाटर्नरी."

"आन त्याच्या खाली?"

"तुमचं नाव, आबा."