डाव्या हाताची मूठ

बाळांनो, न्यूमोनियानंतर डॉक्टरांनी मला प्लास्टिकचं एक यंत्र दिलं आहे. नळीतून श्वास आत ओढला की त्यातले तीन चेंडू वर चढतात. "आजी, जमतं का?" असं तुम्ही फोनवर विचारलंत, म्हणून हे लिहिते.

आठवीत दिग्गी गावची गंगू माझी जिवलग मैत्रीण होती. फुप्फुसांचा धडा झाल्यापासून आम्ही शाळेच्या रानवाटेवर दम धरायचा सराव करायचो. दम संपत आला की माझी डावी मूठ आपोआप वळते, हे फक्त तिलाच ठाऊक होतं.

कबड्डीला सरांनी गट पाडले आणि गंगू समोरच्या गटात गेली. शेवटच्या चढाईत माझी मूठ वळली मात्र, ती ओरडली, "धरा गं, दम संपला हिचा!" चौघींनी मला लाल मातीत दाबलं. आम्ही हरलो.

"गंगू, तू सांगितलंस?"

"खेळच हाय की गं त्यो. रडतीस व्हय?" ती हसली.

आज वाटतं, त्या वयात जिंकायचा मोह कुणालाही झाला असता. तरी मी तिला पुन्हा काहीच सांगितलं नाही.

काल तिसरा चेंडू वर गेला, तेव्हा मूठ वळली. घरात कुणी नव्हतं, तरी मी ती पदराखाली लपवली. त्या सामन्यापासूनची ही लपवायची सवय अजून शिल्लक आहे.