डबा हलवा!

पाथर्डीकडच्या आमच्या वस्तीवर उन्हाळ्यात टँकर येतो. वीस घरं आहेत, दहा वरच्या आळीत, दहा आमच्या खालच्या. पाणी आधी कुणी भरायचं ते चिठ्ठ्या काढून ठरतं, आणि शेवटच्या टिपाडांत नुसता गाळ येतो. सलग तीन आठवडे पहिली दहाही घरं वरचीच निघाली. मी पेटले. मोर्च्यांची पत्रकं वाचत वाढलेली पोर मी. 'चिठ्ठीतली लबाडी' हे पत्रक एका बैठकीत लिहून काढलं.

त्याच आठवड्यात कॉलेजात एन्ट्रॉपीचा तास झाला. सर म्हणाले, एखादी स्थिती किती तऱ्हांनी घडू शकते ते मोजा. तऱ्हा जितक्या जास्त, तितकी एन्ट्रॉपी जास्त, आणि वायूचे कण शेवटी तिकडेच जातात. मी वहीच्या मागच्या पानावर वस्ती मांडली. कोणत्या जागी कोणत्या आळीची चिठ्ठी, एवढंच पाहिलं. पहिल्या दहा वरच्याच, याची तऱ्हा एक. पाच वरच्या, पाच खालच्या, याच्या त्रेसष्ट हजार पाचशे चार! पुरावा सापडला म्हणून मी बाकावर हात आपटला. तेवढ्यात सर म्हणाले, "कण सतत एकमेकांना धडकतात, म्हणूनच ते मिसळतात."

चिठ्ठ्या कुठे धडकतात?

शनिवारी चिठ्ठ्या काढायच्या वेळी, त्या काढणाऱ्या ग्रामपंचायतीच्या शिपाईतात्यांजवळ जाऊन नीट पाहिलं. यादीत आमची आळी पहिली, म्हणून आमच्या चिठ्ठ्या डब्यात आधी पडायच्या आणि तळाला जायच्या. काढायच्या मात्र वरून. लबाडी नव्हतीच! पत्रक तिथंच फाडलं. खोट्या आरोपावर शाई घालवणं मला मंजूर नाही.

"तात्या, डबा हलवा!"

"हलवायचा कशाला? चिठ्ठी देवाची असती, बाय."

"मग देवाला निवडू द्या की! तुमी तर थर लावून ठेवलाय."

टिपाडावर बसलेली माझी चुलती खिदळली. "घुसळा तात्या, ताक घुसळल्यावानी!"

तात्यांनी झाकण लावून डबा असा खडखडवला की त्यांची टोपी पडली. पहिली चिठ्ठी वरच्या आळीची. दुसरी आमची! तिसरीही आमची! मी ओरडून मोजत होते. पहिल्या दहात आमची चार घरं आली. चार-सहाच्याही चव्वेचाळीस हजार शंभर तऱ्हा आहेत, हे मी ऐकेल त्याला सांगत सुटले.

आमचं घर विसावं निघालं.

"लई शिकलीस," आई म्हणाली, "अन् गाळ आपल्याच टिपाडात."

"आये, या आठवड्याला! पुढच्या बारीला आपन कुठंबी असू!"

तिनं टिपाडाच्या तोंडावर जुनं लुगडं ताणलं आणि एक टोक माझ्या हातात दिलं. "धर घट्ट. पानी गाळू दे."