आठ जणांच्या खोलीतलं हॉटेल

कुवेतला थंडी पडते, हे गावी कुणाला खरं वाटायचं नाही. नव्वदच्या दशकात हवल्लीतल्या एका खोलीत आम्ही आठ कोकणी जानेवारीत ब्लँकेटं गुंडाळून असे बसायचो, जणू सगळ्यांना एकदमच सुतक आलंय. मी दुकानांचे, हॉटेलांचे बोर्ड रंगवायचो. थंडीत तेलरंग दोन-दोन दिवस वाळत नाही. काम अडलं की माझ्या डोक्यात एकच घोळायचं: आता मालक इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, रद्द करून परत धाडणार. सहावीत शाळा सोडलेल्याला दुसरं कोण विचारणार?

झोप उडाली तेव्हा एका मराठी डॉक्टरांनी फुकट तपासलं, ते उपकार आहेतच. पण औषध काय? "थंडीत मन उदास होतं. छंद धरा, चित्रं काढा." दिवसभर रंगात हात असलेल्याला हे सांगायला कितीतरी वर्षं शिकावं लागतं म्हणे.

तरी ऐकलं. आमचं रांधायचे मालवणकडचे एक काका. रोज डाळ-भात, शुक्रवारी त्यात अंडं. मी एका प्लायवूडवर तळलेली सुरमई रंगवली, वर मराठीत नाव लिहिलं आणि फळी दाराबाहेर टांगली. दुसऱ्या दिवशी कुर्ल्या, लाल नांग्यांसकट. मग तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं. कामावरून येणारा प्रत्येक जण ते वाचून आत ओरडायचा, "काका, कुर्ल्या जरा तिखट करा हां!"

"मेल्या पेंटरा, तुझो ब्रश तुझ्याच नरड्यात घालीन!" काका आतून.

खोलीत हसू आलं. माझीही कळी खुलली. आणि तिथेच घोळ झाला. बोर्ड पुरा झाला की खाली अरबी आकड्यांत भाव टाकायचा, ही माझ्या हाताची सवय. सुरमईखाली टाकला, कुर्ल्यांखालीही टाकला.

इमारतीचा रखवालदार मिसरी, म्हणजे इजिप्तचा. त्याला मराठी येत नव्हतं, आकडे येत होते.

"मतअम!" तो दारात गरजला. म्हणजे हॉटेल. "परवाना किधर? मालिक को बोलेगा, सब खलास!"

आठ जणांचे इकामे माझ्या एका सुरमईला टांगलेले. मी त्याचा हात धरून त्याला सरळ चुलीपाशी नेलं आणि टोपाचं झाकण काढलं.

त्याने टोपात डाव घातला. डाळ त्यातून पाण्यासारखी पडली. परत घातला, तळ ढवळला, काही लागतंय का पाहिलं. मग झाकण हळूच ठेवलं, काकांच्या खांद्यावर थोपटलं आणि खाली गेला. थोड्या वेळाने स्वतःच्या घरच्या चार रोट्या आणून ठेवल्या.

काकांनी रोटीला हात लावला नाही. "चार वर्सा रांधतंय हय. माझ्या डाळीची अशी कीव कोणी करूक नाय हुती."

मी डाळ दोनदा मागून घेतली. चांगली झालीय म्हणालो.

"खोटारड्या," काका म्हणाले, आणि तिसरा डाव न मागता वाढला.